यीस्टला साखर कशी कळते? सहा बाटल्यांचा प्रयोग आणि तो वाचण्याची रीत

साखरेच्या पाण्यात यीस्ट घालून बाटलीच्या तोंडाला फुगा लावण्याचा प्रयोग अनेक शाळांतून केला जातो. फुगा फुगला की टाळ्या पडतात आणि प्रयोग संपतो. त्यातला सर्वांत मोलाचा भाग मात्र कोणी पाहतच नाही. फुगा किती मोठा झाला यापेक्षा वायू यायला सुरुवात कधी झाली, हे नोंदवायला हवे. समोर कोणती साखर आहे, ती आत घेण्याची साधने पेशीकडे तयार आहेत की नाहीत, आणि नसतील तर ती घडवण्याचा खर्च करायचा की नाही, हा सारा निर्णय त्या सुरुवातीच्या वेळेत दडलेला असतो. यीस्टच्या पेशीला जीभ नाही आणि मज्जातंतूही नाहीत, तरीही ती एका साखरेवर मिनिटांत कामाला लागते, दुसऱ्या साखरेसाठी काही तास घेते आणि तिसरीकडे ढुंकूनही पाहत नाही. हा फरक घरच्या ओट्यावर किंवा शाळेच्या प्रयोगशाळेत कसा पाहावा आणि पाहिल्यावर त्याचा अर्थ कसा लावावा, हे येथे सांगत आहे.

सामान

काचेच्या किंवा जाड प्लॅस्टिकच्या, सारख्या आकाराच्या सहा लहान बाटल्या घ्याव्यात. साधारण २०० मिलिलिटरच्या बाटल्या पुरेशा आहेत. औषधाच्या दुकानातून सलाइनची नवी, न वापरलेली नळी आणून तिचे वीतभर लांबीचे तुकडे करावेत. बाटलीच्या तोंडावर नळी बसवण्यासाठी भोक पाडलेले रबरी बूच असल्यास उत्तम, नसल्यास मुलांच्या खेळण्यातली मऊ माती किंवा मेण चालते. त्याशिवाय पाण्याचे सहा ग्लास, स्वयंपाकघरातला वजनकाटा, मोजपात्र, तापमापक आणि बाटल्या उभ्या राहतील एवढा टब लागेल.

बेकरीच्या सामानाच्या दुकानात मिळणारे कोरडे यीस्ट घ्यावे. पावसाळ्यात आपल्याकडची हवा इतकी दमट असते की उघडे राहिलेले पाकीट लवकर निकामी होते, म्हणून ते घट्ट झाकणाच्या डब्यात घालून फ्रीजमध्ये ठेवावे आणि शक्यतो नवेच पाकीट वापरावे.

साखरेचे प्रकार निवडताना थोडी काळजी हवी. ग्लुकोज पावडर औषधाच्या दुकानात मिळते. तिच्या वेष्टनावरची घटकांची यादी वाचून, ज्यात दुसरी साखर किंवा फळाची चव मिसळलेली नाही अशीच घ्यावी. साधी साखर घरात असतेच. तिसरा नमुना माडाच्या गुळाचा असावा. गोव्यात म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात तो सहज मिळतो, आणि पातोळ्यांसाठी आणलेला घरात उरला असेल तर तोही चालेल. दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, होमिओपॅथीच्या औषधांच्या दुकानात पांढऱ्या भुकटीच्या रूपात मिळते. पाचवा नमुना सुक्रालोज या कृत्रिम गोडव्याचा घ्यावा, पण तो थेंबांच्या रूपात असावा. पुड्या आणि गोळ्या यांत वजन भरण्यासाठी बऱ्याचदा ग्लुकोज किंवा लॅक्टोज मिसळलेले असते, आणि मग सुक्रालोजच्या बाटलीतून वायू आला तर तो कशामुळे आला, हे सांगता येत नाही. सहाव्या बाटलीत नुसते पाणी असेल, आणि तिच्याशिवाय बाकीच्या पाचही बाटल्यांना काही अर्थ नाही.

कृती

घरचा काटा दोन ग्रॅम नीट मोजत नाही. म्हणून प्रत्येक साखर १० ग्रॅम घेऊन तिचे पाण्यात एकूण २५० मिलिलिटर द्रावण करावे आणि त्यातले ५० मिलिलिटर बाटलीत घालावे, म्हणजे प्रत्येक बाटलीत बरोबर दोन ग्रॅम साखर जाते. सुक्रालोजच्या बाबतीत ५० मिलिलिटर पाण्यात चवीला स्पष्ट गोड लागेल इतके थेंब टाकावेत. चव यीस्ट घालण्यापूर्वी, पिण्याच्या स्वच्छ भांड्यातच घ्यावी. पाणी उकळून कोमट केलेले असावे.

यीस्टही प्रत्येक बाटलीत वेगळे मोजून घालू नये. १२ ग्रॅम यीस्ट ३०० मिलिलिटर कोमट पाण्यात ढवळून अर्धा तास तसेच ठेवावे. कोरड्या यीस्टच्या पेशींत ट्रेहॅलोज आणि ग्लायकोजेन या साठवणीच्या शर्करा असतात, आणि पाणी मिळताच पेशी आधी त्या खर्चू लागतात. या अर्ध्या तासात तो साठा थोडा कमी होतो, पेशी ओल्या होऊन सावरतात, आणि पुढे दिसणारा परिणाम बाहेरून दिलेल्या साखरेचाच आहे असे अधिक खात्रीने म्हणता येते. पाणी ३५ अंश सेल्सिअसच्या आसपास असावे. पन्नास अंशांच्या वर गेलेले पाणी यीस्टला मारू लागते, म्हणून हाताच्या अंदाजावर न राहता तापमापकच वापरावा. मे महिन्यात आपल्याकडे खोलीचेच तापमान यीस्टला मानवते. डिसेंबरच्या सकाळी मात्र टबात कोमट पाणी घालत राहावे लागेल.

यानंतर यीस्टचे पाणी पुन्हा चांगले ढवळून प्रत्येक बाटलीत ५० मिलिलिटर ओतावे. न ढवळता ओतले तर तळाशी बसलेल्या पेशी शेवटच्या बाटलीच्या वाट्याला येतात आणि सारी तुलना बिघडते. बाटल्या टबातल्या पाण्यात पाच मिनिटे उघड्याच ठेवाव्यात, आणि नंतर बूच लावून नळीचे दुसरे टोक ग्लासातल्या पाण्याखाली साधारण एक सेंटिमीटर बुडवावे. सगळ्या नळ्यांची खोली सारखीच हवी. ही पाच मिनिटे गाळू नयेत, कारण बाटलीतली थंड हवा गरम होऊन फुगते आणि नळीतून बुडबुडे येतात, जे यीस्टचे नसतात. नुसत्या पाण्याच्या बाटलीतूनही बुडबुडे येताना दिसले तर हेच घडत आहे असे समजावे. उलट ग्लासातले पाणी नळीत वर चढू लागले, तर टबातले पाणी निवत आहे.

बाटलीचे तोंड झाकणाने कधीही घट्ट बंद करू नये. दोन ग्रॅम ग्लुकोज पूर्ण आंबले तर अर्ध्या लिटरहून थोडा अधिक कार्बन डायऑक्साइड तयार होतो, आणि त्याला वाट मिळाली नाही तर काच फुटते. बाटलीचा निम्मा भाग रिकामा ठेवण्याचे कारण फेस हे आहे. गुळाच्या बाटलीत तो विशेष चढतो आणि नळीत शिरला तर मोजणी थांबते.

आता दर पाच मिनिटांनी, एका मिनिटात किती बुडबुडे आले हे प्रत्येक बाटलीसाठी वहीत लिहावे. निदान दीड तास हे चालू ठेवावे. वर्गात करायचे असल्यास प्रत्येक बाटलीपाशी दोन मुले बसवावीत. एकाने घड्याळ पाहावे, दुसऱ्याने मोजावे.

नोंदी कशा वाचाव्यात

ग्लुकोजच्या बाटलीतूनही वायू लगेच येत नाही. पेशी काम करत नसतात असे नव्हे, तर तयार झालेला वायू आधी पाण्यातच विरघळतो. तीस अंशांच्या आसपास एक लिटर पाणी साधारण दोन-तृतीयांश लिटर कार्बन डायऑक्साइड सामावून घेऊ शकते, तेव्हा आपल्या १०० मिलिलिटर द्रावणातच बराच वायू मुरतो. हा उशीर सर्व बाटल्यांना सारखाच लागू आहे. म्हणून ग्लुकोजच्या बाटलीची सुरुवात हा आपला शून्य धरावा आणि बाकीच्या बाटल्या त्यापुढे किती रेंगाळल्या तेवढेच मोजावे.

साध्या साखरेची बाटली ग्लुकोजच्या जवळपास बरोबरीने सुरू होते. हे आश्चर्याचे आहे, कारण साखरेचा रेणू म्हणजे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज यांची जोडी, आणि ती फोडल्याशिवाय नेहमीच्या मार्गाने वापरता येत नाही. यीस्ट ही जोडी बहुतांशी पेशीच्या बाहेरच, भिंतीत बसवलेल्या इन्व्हर्टेज नावाच्या विकराच्या (एन्झाइमच्या) साहाय्याने फोडते. बाजारातले यीस्ट सामान्यतः उसाच्या मळीवर वाढवलेले असते, त्यामुळे हे विकर त्याच्यापाशी आधीच तयार असते. फोडणी भिंतीत होत असल्याने सुटलेले ग्लुकोज शेजारच्या पेशीही उचलतात. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात असे दिसले की फोडलेल्या साखरेपैकी सुमारे ९९ टक्के भाग फोडणाऱ्या पेशीच्या हाती न लागता आजूबाजूला पसरतो. जी पेशी विकर बनवते तिला त्याचा खर्च सोसावा लागतो आणि लाभ साऱ्या वस्तीला होतो, ही गोष्ट मला या विषयातली सर्वांत विलक्षण वाटते.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. ग्लुकोज समोर आहे हे पेशीला कळते कसे? यीस्टच्या पेशीपटलात ग्लुकोज आत नेणाऱ्या वाहक प्रथिनांचे एक मोठे कुटुंब आहे. त्याच कुटुंबातली एसएनएफ-३ आणि आरजीटी-२ ही दोन प्रथिने दिसायला वाहकासारखी असली तरी साखर आत नेत नाहीत. दाराच्या चौकटीत बसवलेली ही जणू घंटेची बटणे आहेत, दाबली की आत आवाज होतो पण दार उघडत नाही. ग्लुकोज बाहेरच्या बाजूने त्यांना येऊन चिकटले की त्यांच्या आतल्या बाजूला असलेल्या लांब शेपटीमार्फत संदेश जातो, वाहकांची जनुके दाबून धरणारे आरजीटी-१ हे प्रथिन बाजूला होते, आणि पेशी नवे वाहक घडवू लागते. आरजीटी-२ भरपूर ग्लुकोज असताना बोलते, तर एसएनएफ-३ ला अगदी थोडे ग्लुकोजही कळते. त्यामुळे साखर आहे की नाही एवढेच नव्हे, तर किती आहे तेही पेशीला समजते आणि त्या प्रमाणाला साजेसे वाहक ती निवडते.

याच्या जोडीला जीपीआर-१ हे आणखी एक ग्राही, म्हणजे बाहेरचा संकेत ओळखणारे, प्रथिन असते. त्याला ग्लुकोज आणि साधी साखर दोन्ही कळतात, आणि त्याच्याकडून संदेश मिळाला की पेशीत सायक्लिक एएमपी या रेणूचे प्रमाण वाढून वाढीची सारी यंत्रणा जागी होते. ट्रेहॅलोज आणि ग्लायकोजेनचे साठे मोडायला काढणे हाही त्याच हालचालीचा भाग असतो. बाहेर भरपूर ग्लुकोज असेल तर यीस्ट प्राणवायू उपलब्ध असूनही श्वसनापेक्षा आंबवण्याचाच मार्ग धरते. म्हणून बाटलीत थोडी हवा उरली आहे याची काळजी करण्याचे कारण नाही.

गुळाच्या बाटलीच्या नोंदी साखरेच्या आसपास येतील, पण त्या काटेकोर धरू नयेत. माडाच्या गुळात मुख्यत्वे तीच साखर असते, पण त्यात पाणी, क्षार आणि इतर द्रव्येही असतात, आणि प्रत्येक भेलीत त्यांचे प्रमाण वेगळे असते. हा नमुना घ्यायचा तो आपल्या भूमीशी असलेल्या नात्यासाठी. माडावरून उतरणारा ताजा रस याच साखरेने गोड असतो, आणि रेंदेर, म्हणजे माडाचा रस काढणारा, मडक्याला आतून चुना लावतो तो रस आंबवणाऱ्या सूक्ष्मजीवांना रोखण्यासाठी. चुना नसेल तर काही तासांतच त्याची सूर, म्हणजे माडी, होते. त्या सुरेतल्या यीस्टवर गोव्याच्या पोदेरांनी, म्हणजे पाववाल्यांनी, पिढ्यान्‌पिढ्या पाव फुगवला. आज बहुतेक भट्ट्यांत बाजारचे यीस्ट आले आहे.

लॅक्टोजची बाटली नुसत्या पाण्याच्या बाटलीसारखीच निपचित राहील, आणि याच बाटलीपाशी सर्वांत जास्त थांबावे. लॅक्टोजही साखरच आहे, आणि तिच्या रेणूत ग्लुकोज आहेच, पण ते गॅलॅक्टोजशी जोडलेले असते. पावाच्या यीस्टकडे लॅक्टोज आत नेणारा वाहक नाही आणि ती जोडी फोडणारे विकरही नाही. या दोन्ही बाटल्यांतून, साठवणीच्या शर्करांमुळे, थोडे बुडबुडे आले तरी चालतील. फक्त ते दोन्हीकडे सारखेच असायला हवेत. सुक्रालोजच्या बाटलीतही तेच घडेल. आपल्या जिभेला ते साखरेच्या शेकडो पट गोड लागते, परंतु पेशी गोडी ओळखत नाही. तिच्या प्रथिनांत ठरावीक घडणीचा रेणू बसतो की नाही, एवढ्यावरच सारे अवलंबून असते.

दुसऱ्या दिवशी: लॅक्टेजचे थेंब

तान्ह्या मुलांच्या पोटदुखीसाठी, लॅक्टोज फोडणाऱ्या लॅक्टेज विकराचे थेंब औषधाच्या दुकानात मिळतात. लॅक्टोजच्या ५० मिलिलिटर द्रावणात असे काही थेंब टाकून ते दोन-तीन तास कोमट ठेवावे आणि मग वरच्याप्रमाणेच ताजे यीस्ट घालावे. आदल्या दिवशी निपचित असलेल्या साखरेतून आता बुडबुडे येऊ लागतात, कारण जोडी फुटून ग्लुकोज मोकळे झालेले असते. शेजारी थेंब न टाकलेली लॅक्टोजची एक बाटली आणि थेंब टाकलेल्या नुसत्या पाण्याची एक बाटली जरूर ठेवावी. थेंबांतच एखादी साखर मिसळलेली असेल तर ती दुसरीतून उघडी पडेल.

फोडलेल्या लॅक्टोजमध्ये निम्मे ग्लुकोज आणि निम्मे गॅलॅक्टोज असते, आणि येथे पेशीचा क्रम दिसतो. ग्लुकोज असेपर्यंत यीस्ट गॅलॅक्टोजची साधने घडवतच नाही. एमआयजी-१ नावाचे प्रथिन ती जनुके बंद ठेवते. ग्लुकोज संपत आले की एसएनएफ-१ हे विकर जागे होऊन एमआयजी-१ ला केंद्रकाबाहेर काढते. त्यानंतर गॅलॅक्टोज जीएएल-३ या प्रथिनाला चिकटते, त्यामुळे जीएएल-८० या रोधक प्रथिनाची, ती जनुके चालू करणाऱ्या जीएएल-४ या प्रथिनावरची पकड सुटते, आणि मग कुठे गॅलॅक्टोज वापरणारी विकरे तयार होऊ लागतात. याला तास लागतात. म्हणून या बाटलीच्या नोंदी दीड तासात थांबवू नयेत. बुडबुडे मंदावले तरी ती कोमट ठेवून संध्याकाळपर्यंत अधूनमधून मोजत राहावे.

असा दोन टप्प्यांचा आलेख झाक मोनो यांनी पॅरिसमध्ये जिवाणूंच्या वाढीत पाहिला आणि १९४१ मध्ये त्याचे वर्णन केले. दोन साखरा एकत्र दिल्यावर जिवाणू एक संपवतात, थांबतात आणि मग दुसरीकडे वळतात, हे त्यांच्या ध्यानात आले. त्या थांब्याचा माग काढत मोनो आणि फ्रान्स्वा झाकोब यांनी १९६१ मध्ये जनुके चालू-बंद कशी होतात याचे प्रारूप मांडले, आणि १९६५ चे नोबेल पारितोषिक त्या दोघांना आंद्रे ल्वोफ यांच्यासह मिळाले. विद्यार्थ्यांना हा इतिहास आधी सांगू नये. त्यांच्या स्वतःच्या आलेखात वायू मंदावलेला दिसल्यानंतर सांगावा.

पोदेराच्या पिठातही हीच गोष्ट घडते. मैद्यातल्या थोड्याशा मोकळ्या शर्करा संपल्या की पिठाच्या स्टार्चपासून बनणाऱ्या माल्टोज या साखरेकडे यीस्टला वळावे लागते, आणि तिची साधने तयार होईपर्यंत फुगण्याचा वेग मंदावू शकतो. आपल्या पावाच्या पिठात गोड फारसे नसते, त्यामुळे पोदेराला उपयोगी पडते ते माल्टोजवर चटकन वळणारे यीस्ट.

साखर फार झाली तर

पाकिटात उरलेल्या यीस्टवर आणखी एक लहान प्रयोग करता येतो. साध्या साखरेची २, १०, ३० आणि ५० टक्के अशी द्रावणे करून, प्रत्येकात सारखेच यीस्ट घालून, बुडबुडे मोजावेत. जास्त साखर म्हणजे जास्त वायू, असा अंदाज मुले हमखास बांधतात. दहा टक्क्यांपर्यंत कदाचित तसे दिसेलही, पण तीस-पन्नास टक्क्यांना वेग स्पष्टपणे पडतो, कारण दाट द्रावण पेशीतले पाणी ओढून घेते. पेशीला हाही ताण कळतो, आणि पाणी धरून ठेवण्यासाठी ती आत ग्लिसरॉल साठवू लागते. मात्र एका मर्यादेपलीकडे तिचा इलाज चालत नाही. पाक आणि मुरांबा टिकतात ते याच कारणाने.

जिवाणूंच्या बाबतीत

यीस्ट जागचे हलत नाही, साखर येईल तेथेच तिला सामोरे जाते. ई. कोलाय हा जिवाणू मात्र साखरेच्या दिशेने पोहत जातो. साधारण एक सेकंद तो सरळ पोहतो, मग सेकंदाच्या दहाव्या भागाइतका गोल कोलमडतो आणि नव्या दिशेने निघतो. साखर वाढत असल्याचे जाणवले तर कोलमडणे लांबणीवर पडते, म्हणजे योग्य दिशेची धाव आपोआप मोठी होते. त्याचे शरीर इतके लहान की डोक्याकडची आणि शेपटीकडची साखर ताडून त्याला दिशा ठरवता येत नाही. तो काही क्षणांपूर्वीच्या साखरेशी आताच्या साखरेची तुलना करतो, आणि ही आठवण ग्राही प्रथिनांवर मिथाइल गट हा लहानसा रासायनिक तुकडा चढवून-उतरवून ठेवली जाते. हॉवर्ड बर्ग आणि डग्लस ब्राउन यांनी १९७२ मध्ये एकेका जिवाणूचा पाठलाग करणारा सूक्ष्मदर्शक वापरून या धावा मोजल्या.

जिवाणूंवरचा प्रयोग घरी किंवा शाळेच्या वर्गात करू नये. अनोळखी जिवाणू वाढवणे धोक्याचे आहे. महाविद्यालयात सूक्ष्मजीवशास्त्राचा विभाग असेल तर शिक्षकांच्या देखरेखीखाली, निरुपद्रवी वाणावर, बारीक केशनळीत गॅलॅक्टोज भरून ती जिवाणूंच्या द्रावणात तासभर ठेवावी आणि नंतर नळीत शिरलेले जिवाणू मोजावेत. तुलनेसाठी साखर नसलेली दुसरी केशनळी त्याच द्रावणात, त्याच वेळी ठेवलेली असावी.

काम झाल्यावर बाटल्यांतले यीस्ट भरपूर पाण्याबरोबर ओतून टाकता येते किंवा माडाच्या आळ्यात घालता येते. प्यायचे मात्र नाही. नळ्या लगेच गरम पाण्याने धुवाव्यात, कारण गुळाचा फेस आत सुकला की तो निघत नाही.